दोर कुणाचा वाकणार

६ जानेवारी, सोमवार

शेषेरावअण्णा आणि भागवतशेठ आज नगरपंचायतीच्या हॉलात एका टेबलाला बसले आणि एकाच बशीतली बिस्किटं खाल्ली. शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या इतिहासात याला तोड नाही. वरच्या गल्लीतलं पान शेषेरावअण्णांना विचारल्याशिवाय हलत नाही आणि बाजारपेठेतलं भागवतशेठना. दोघं याआधी एकत्र दिसले ते एका मयताला, तेही तिरडीच्या दोन बाजूंना.

त्यांना जवळ आणलं ते दोरानं. सव्वीस जानेवारीच्या महोत्सवात हातानं वळलेला महाराष्ट्रातला सर्वांत लांब दोर करायचा. अर्धा वरची गल्ली वळणार, देवळाकडून; अर्धा बाजारपेठ, बसस्थानकाकडून. तहसीलच्या चौकात दोन्ही दोर एका गाठीनं जोडायचे आणि दोन्हीकडून ओढून जमिनीवरून उचलायचे. लातूरहून विक्रमांची नोंद घेणारे एक गृहस्थ येणार आहेत. हा दोर म्हणजे गावाची एकी, असं शेषेरावअण्णा म्हणाले. भागवतशेठनीही तेच म्हटलं, जरा मोठ्यानं.

तांत्रिक सल्लागार म्हणून माझं नाव एकमतानं. चित्रकला आणि स्काउट शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. या तालुक्यात निरगाठ आणि सुरगाठ यांच्या पलीकडची एखादी गाठ कुणाला येत असेल, तर ती मीच शिकवलेली.

घरी येऊन सिंधूला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. आपल्या तनुजाला नववा लागलाय. नांदेडला कधी निघायचं?”

मी दोराचं बोलत होतो. तिचा हा स्वभावच आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

दोन्ही बाजूंनी एकच माल वापरा, असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. शेषेरावअण्णांनी अंबाडी आणली, कारण त्यांच्या आजोबांच्या काळी अंबाडी होती. भागवतशेठनी नायलॉन आणलं, कारण त्यांच्या दुकानात नायलॉन पडून आहे. आता वरच्या गल्लीचा दोर मनगटाएवढा जाड आणि खरखरीत, आणि बाजारपेठेचा अंगठ्याएवढा, सापासारखा गुळगुळीत.

“सर, दोर कसा असावा,” शेषेरावअण्णा म्हणाले, “बैलानं नुसता बगून मान खाली घालावी.”

“जमाना स्लिम हाय, सर,” भागवतशेठ म्हणाले. त्यांचं पोट त्या वेळी टेबलाला लागलं होतं.

भागवतशेठच्या बुटाची नाडी सारखी सुटते. मी पहिल्या भेटीतच कारण ओळखलं होतं. ते दुसरा पेच पहिल्याच्याच दिशेनं टाकतात, त्यामुळे बो बुटावर आडवा न बसता उभा बसतो आणि चार पावलांत सुटतो. दुसरा पेच उलट दिशेनं घ्यायचा, एवढंच. आज मी खाली वाकून त्यांना दाखवलं.

“सर, नाडी बांधायला आपल्याकडं मानूस हाय,” ते म्हणाले.

खरंच होता. त्यानंच परत उभा बांधला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेषेरावअण्णांनी भागवतशेठना तिळगूळ दिला. फोटो नीट आला नाही म्हणून तोच परत घेऊन पुन्हा दिला.

सिंधूनं तिळाचे लाडू केले आणि एक डबा वेगळा काढून ठेवला. कुणासाठी ते मी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं.

तनुजानं दोन वर्षांपूर्वी नांदेडला लग्न केलं, नोंदणी पद्धतीनं. मुलगा विनोद, पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, बौद्ध. तो बौद्ध आहे याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, आणि हे मी त्या वेळी स्टाफरूममध्ये एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. माझा विरोध लग्नाला नव्हता, पद्धतीला होता. आधी विचारायला हवं होतं.

“इचारलं हुतं की,” सिंधु म्हणते. “तुमी उठून गेलता.”

मी पाणी प्यायला उठलो होतो.

लग्नानंतर तनुजाचे फोन येत. तेव्हा मी घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतो. मी त्या मनःस्थितीत आलो, तोवर तिनं करायचं सोडलं होतं. आता ती वयानं लहान आहे, फोन तिनंच करायला हवा. यात ताठरपणा कसला? हा क्रम आहे. सिंधूला क्रम कळत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज हॉलात गाठीचं प्रात्यक्षिक केलं. दोन्ही बाजूंचे लोक, मधे मी. असं वाटलं, शाळेत पुन्हा तास सुरू झाला.

विषय सोपा आहे. जाड आणि बारीक दोर जोडायला एकच भरवशाची गाठ आहे, स्काउटमध्ये तिला शीट बेंड म्हणतात. जाड दोराचं टोक वाकवून त्याची मोड करायची. बारीक दोर त्या मोडीतून वर काढायचा, तिच्या पाठीमागून वळसा द्यायचा आणि स्वतःच्याच अंगाखाली दाबून टाकायचा. जेवढं ओढाल तेवढी घट्ट. मी दोन तुकडे घेऊन करून दाखवली. हॉल शांत. मला वाटलं, सगळे प्रभावित झाले.

शेषेरावअण्णा म्हणाले, “म्हंजे वाकनार कोन?”

“जाड दोर, अण्णा.”

“जाड आमचा हाय.”

“हो.”

“म्हंजे आमी वाकायचं आन् हे आमच्या भवती फिरनार?”

“अण्णा, दोर वाकतो. माणूस नाही.”

“गाव दोर बगत न्हाई, सर. गाव मानूस बगतंय.”

वरची गल्ली बाकांवर हात आपटायला लागली. भागवतशेठ खूश होऊन हसत होते, तेवढ्यात त्यांच्या मागच्या कुणीतरी त्यांच्या कानात काही सांगितलं. त्यांचं हसू गेलं.

“एक मिनिट, सर. आमचा दोर फिरून कुठं जातो म्हणालात?”

“स्वतःखाली दाबला जातो.”

“दाबला जातो! आन् वरून अण्णाचा वजनदार दोर. म्हंजे मार्केट दबनार. असं लिहून देऊन राहिलात तुम्ही.”

मी समजावून सांगितलं की इथं वाकणं आणि दाबणं हे ताण वाटून घेण्याचे प्रकार आहेत, त्यात मानापमान नाही. फळ्यावर बाण काढून दाखवले. शेषेरावअण्णांनी बाणाच्या दिशेलाही हरकत घेतली.

इतक्या लहान गोष्टीसाठी इतकी मोठी माणसं अडून बसतात याची कीव आली.

१९ जानेवारी, रविवार

विनोद कार घेऊन आला होता, सिंधूला न्यायला. हे त्यांचं ठरलं होतं. मला काल संध्याकाळी सांगितलं, त्यामुळे ठरलं होतं असंच म्हणायला हवं.

तो फाटकाशी उभा राहिला. आत ये म्हणावं की नाही याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात सिंधु दोन पिशव्या घेऊन बाहेर आली आणि प्रश्न मिटला. त्याच्या बुटांकडे पाहिलं. दोन्ही बो आडवे, सारख्या लांबीचे. त्यात काही खोट काढता आली नाही.

“सर, तुम्हीपण चला ना,” तो म्हणाला. “तारीख जवळ आली.”

“महोत्सव आहे. जबाबदारी आहे.”

“हो सर.”

तो मला सर म्हणतो. बरोबरच आहे, दुसरं काही म्हण असं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

सिंधु गाडीत बसता बसता म्हणाली, “वरण फ्रिजमधी हाय. पोरीला काय सांगू?”

“काय सांगू म्हणजे?”

“तेच इचारून राहिले मी.”

मी म्हणालो, काळजी घे म्हणावं. तिनं पिशव्या मांडीवर घेतल्या. मग काच वर गेली.

२२ जानेवारी, बुधवार

वरण आंबलं. खानावळीचा डबा लावला.

दोराचा तिढा मात्र सुटत नाही. दोघं आळीपाळीनं घरी येऊन गेले. आज निकराची बैठक झाली. मी दुसरा उपाय मांडला: प्रत्येकानं आपापल्या दोराचा एक पक्का फास करायचा आणि दोन फास एकमेकांत अडकवायचे. कुणी वाकत नाही, कुणी दबत नाही.

“मधून कोन जानार?” शेषेरावअण्णा.

“आन् फास हा शब्द प्रजासत्ताकाला बरा वाटत न्हाई,” भागवतशेठ.

शेवटी कुणीतरी विचारलं की दोन्ही दोर सारखेच वाकतील अशी गाठ नसते का? असते. चौरस गाठ. आधी यांचा त्यांच्यावर, मग त्यांचा यांच्यावर. एकदा हे वर, एकदा ते वर. हे ऐकताच दोघांचे चेहरे एकदम उजळले. नगराध्यक्षपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं त्यांचं आधीच ठरलेलं असावं, इतक्या पटकन त्यांना ती गाठ समजली.

चौरस गाठ सारख्या दोरांना चालते. एक जाड-खरखरीत आणि एक बारीक-गुळगुळीत असला की सरकते. स्काउटच्या परीक्षेत ती चूक करणाऱ्या मुलाला मी शून्य देत असे. हे मी बैठकीत सांगितलं. निदान सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात शेषेरावअण्णा म्हणाले, “सर, सव्वीसला गाठ तुमच्याच हातानं. शाल, श्रीफळ आन् मानपत्र. काय लिहायचं, शेठ?”

“गाठमहर्षी,” भागवतशेठ म्हणाले.

तांत्रिक सल्लागारानं सल्ला द्यायचा असतो, हट्ट धरायचा नसतो. आणि हळू ओढलं तर टिकेलही.

२४ जानेवारी, शुक्रवार

सिंधूचा फोन. तिथं सगळं ठीक. विनोदची आई पार्वतीबाई अंगणवाडी पर्यवेक्षिका होत्या, स्वभावानं शांत आहेत, घर नीट आहे, असं बरंच सांगत होती. मी मानपत्राबद्दल सांगितलं. म्हणाली, “छान.” मागे कुणीतरी हसलं. तनुजा असावी. ती दोराला हसली की दुसऱ्या कशाला, ते कळायला मार्ग नाही.

२६ जानेवारी, रविवार

लिहायला बसलोय खरा, पण उजवं मनगट सुजलंय.

झेंडावंदन झालं. मी कोट घातला होता. तहसीलच्या चौकात दोन्ही दोरांची टोकं माझ्या हातात दिली, वर ढोल, खाली माती. लातूरचे गृहस्थ मोजणीची चाकं फिरवत आले. मी गाठ बांधली: आधी अंबाडी नायलॉनवर, मग नायलॉन अंबाडीवर. वरच्या गल्लीनं पहिल्या पेचाला टाळ्या वाजवल्या, बाजारपेठेनं दुसऱ्याला. खिशात फोन थरथरत होता. माइकसमोर कसा घेणार? पुन्हा थरथरला. मी बंद केला.

मी माइकवर स्पष्ट सांगितलं, “हळू ओढा. दोन्हीकडून सारखं.”

हळू ओढायला ती दोन बाजूंची माणसं नव्हतीच. शिट्टी झाली आणि गावानं इतक्या वर्षांचं सगळं त्या दोरात ओतलं. दोर ताणला, जमिनीवरून उठला, मी स्वतः पाहिलं, हातभर उठला. अंबाडीची मोड सरळ झाली आणि नायलॉन तिच्यातून सुळकन निघून गेलं. वरची गल्ली देवळाच्या दिशेनं उताणी, बाजारपेठ बसस्थानकाच्या दिशेनं उताणी. भागवतशेठ बँडवर पडले. शेषेरावअण्णांचा फेटा रसवंतीच्या चरकाखाली सापडला. मला सुटलेल्या टोकाचा फटका मनगटावर.

 मग दोन्हीकडून एकदम आवाज: “त्यांचा सुटला!”

मारामारी होणार असं वाटलं. झाली नाही. शेषेरावअण्णा धूळ झटकत चौकात आले, भागवतशेठही लंगडत आले, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“गाठ कुनी बांधली?” शेषेरावअण्णा म्हणाले.

“तेच म्हणून राहिलो मी,” भागवतशेठ म्हणाले. “सरांना गाठ बांधता येत न्हाई.”

आणि त्यांनी एकमेकांना हात देऊन मंचावर चढवलं. गावाची एकी झाली. लातूरच्या गृहस्थांनी तिची नोंद घेतली नाही. शाल एका पोलीस निरीक्षकांना दिली.

घरी आल्यावर फोन सुरू केला. सिंधूचे चुकलेले कॉल आणि एक निरोप. दुपारी मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

२७ जानेवारी, सोमवार

सिंधूशी बोललो. मुलगी गोरी-सावळी मधली आहे, रडते मोठ्यानं, नाव अजून ठरलं नाही. तनुजाला टाके आहेत. मी म्हणालो, “बरं.” ती म्हणाली, “हाव.”  इथं तिनं ‘या’ म्हणायला हवं होतं. मी पुरेसा वेळ दिला. तिनं ‘ठेवू का?’ म्हटलं.

३० जानेवारी, गुरुवार

गाव पडतं त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, सावकाश गतीत, सनईसह. शेवटी माझा चेहरा येऊन थांबतो. डबा देणारीनंही पाहिलाय. आज तिनं डब्याच्या पिशवीची गाठ मारताना माझ्याकडे बघून विचारलं, “सर, ही टिकंल का?”

नांदेडहून कुणाचाही फोन नाही, बोलावणं नाही. आजोबाला बोलवायला त्यांना लाज वाटत असेल असंही नाही. कदाचित महोत्सवाचं ऐकून मी गडबडीत असेन असं वाटलं असेल.

एक विचार आला. जाड-बारीक दोरांची शीट बेंड करून तिचा स्वतंत्र व्हिडिओ काढायचा, गावाला दाखवायचं की सल्ला बरोबर होता. त्यासाठी चांगली सुती दोरी लागेल. लातूर जवळ आहे, पण नांदेडच्या वजिराबाद बाजारात निवड जास्त. उद्या नांदेडला जातो. कामासाठी.

३१ जानेवारी, शुक्रवार, नांदेड

अहमदपूरला गाडी बदलली. लोह्याच्या पुढं खिडकी मिळाली. वजिराबादेत उतरायच्या आधी तनुजाचं घर वाटेत पडतं, निदान रिक्षावाल्याला तसं सांगितलं.

दार पार्वतीबाईंनी उघडलं. पांढरी साडी, जाड चष्मा. मी त्यांना प्रथमच पाहत होतो.

“या,” त्या म्हणाल्या. एवढंच. जणू मी कोपऱ्यावरून दूध आणायला गेलो होतो.

मी बसलो. पाणी आलं, चहा आला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. सिंधु आतून आली आणि माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाली, “सुजलंय की.” बाळाचं लहानसं दुपटं तिच्या खांद्यावर होतं. “कामानं आलात?”

“हो. दोरी घ्यायची होती.”

“तनुजा झोपलीय.”

आतून तनुजाचा आवाज स्पष्ट आला, “आई, कोण आहे?”

पार्वतीबाई कपबशा उचलायला लागल्या. सिंधु आत गेली. बराच वेळ कुजबुज झाली. ती बाहेर आली.

“ती इचारतेय, दोरीसाठी आलात का तिच्यासाठी?”

मी विचार करून म्हणालो, “दोन्ही.”

सिंधु आत गेली. परत आली. “मग आधी दोरी घेऊन या म्हणती.”

मी उठलो. पार्वतीबाईंनी दार उघडून धरलं. मी जिना उतरलो. खाली रसवाला होता, रिक्षा होत्या, ‘वजिराबाद, वजिराबाद’ म्हणून एकजण ओरडत होता. मी रिक्षात बसलो. त्यानं विचारलं, कुठं? मी उतरलो. त्यानं शिवी दिली असावी. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. उन्हं पायरीवरून खाली सरकली. शाळा सुटल्या. विनोद स्कूटरवरून आला, मला पाहिलं, स्कूटर उभी केली आणि शेजारी येऊन बसला. 

“दोरी मिळाली का, सर?” तो म्हणाला. त्याला फोनवर सगळं कळलेलं होतं.

“दोरी नको होती.”

“चला मग.”

वर गेल्यावर पार्वतीबाईंनीच दार उघडलं. “बूट आत घ्या,” त्या म्हणाल्या. “इथलं कुत्रं एकेक पळवून राहिलंय.”

मी बूट आत घेतले. तनुजा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर उशी घेऊन बसली होती, बाळ मांडीवर. वजन वाढलंय, डोळ्यांखाली काळं आलंय. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मुख्याध्यापक उशिरा आलेल्या मुलाकडे बघतात तसं.

“मिळाली दोरी?”

“नाही.”

“गेलातच नव्हता.”

“नाही.”

सिंधु स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विनोद बुटाची नाडी सोडत खाली वाकलेला होता, तो सोडतच राहिला. मी मनात एक वाक्य जुळवत होतो, त्यात पद्धत, क्रम असे शब्द येत होते, आणि ते जुळत नव्हतं. बाळानं जांभई दिली. इतक्या लहान तोंडाला इतकी मोठी.

“बाबा,” तनुजा म्हणाली, “हात धुऊन या.”

बाळंतिणीच्या घरी तो नियम असतोच, बाहेरून आलेल्या कुणालाही. त्यात वेगळं काही नाही. मोरीत साबण होता. डाव्या हातानं उजवा धुतला, सुजेवर दुखलं, पुन्हा धुतला. वळून पाहिलं तर पार्वतीबाई टॉवेल घेऊन मागे उभ्या होत्या.